फॅन्कोनी अ‍ॅनिमिया: दुसऱ्याची मज्जा हाडांत रुजते तेव्हा

मुलाच्या डाव्या हाताचा अंगठा जन्मापासून नुसत्या कातडीवर लोंबत होता. वर्षाचा व्हायच्या आत तो काढून टाकला आणि घरच्यांच्या लेखी विषय मिटला. सातव्या वर्षी नाकातून रक्त यायला लागलं, नडगीवर निळे डाग उठायला लागले. तपासलं तर प्लेटलेट १८ हजार, जिथे दीड लाखाच्या वर असायला हव्यात.

आईने माझ्यासमोर दोन पिशव्या ठेवल्या. एकीत अंगठ्याच्या ऑपरेशनचे पिवळे पडलेले कागद, दुसरीत रक्ताचे रिपोर्ट. सात वर्षांत या दोन पिशव्या कधी एका टेबलावर आल्याच नव्हत्या. "ते जुनं कशाला आणताय, असं आधीच्या दवाखान्यात म्हणाले होते," ती म्हणाली.

मज्जा प्रत्यारोपणासाठी येणाऱ्या घरांना सगळं त्यांच्या भाषेत समजावून सांगणं हे माझं काम आहे. अशा दोन पिशव्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत. दोन्हींतला आजार एकच असतो, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया. आणि हे नाव प्रत्यारोपणाच्या आधी कळलं की नंतर, यावर मूल वाचणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं. का ठरतं, ते सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल.

मज्जा म्हणजे काय, हे मटण खाणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. नळी ठोकून आपण जो गर काढतो, तीच. माणसाच्या कमरेच्या, छातीच्या आणि मणक्याच्या हाडांत लाल मज्जा असते आणि रक्त तिथे तयार होतं. मोठ्या माणसात रोज सुमारे २० हजार कोटी लाल पेशी बनतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या बऱ्याचशा एखाद-दोन दिवसच. म्हणजे हे काम एक दिवसही थांबून चालत नाही. या सगळ्या पेशी ज्या मोजक्या पेशींपासून निघतात त्या मूळपेशी. बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं धान्य असतं ना, तशा. त्या शाबूत तर रक्त शाबूत.

फॅन्कोनी अ‍ॅनिमियात हे बियाणंच हळूहळू संपत जातं. कारण मात्र मज्जेपुरतं नाही, ते शरीरातल्या एकूण एक पेशीत आहे.

पेशीच्या आत डीएनए असतो, दोन पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या, स्वेटरच्या चेनसारखा. पेशीला आपली प्रत काढायची असेल तर ही चेन आधी उघडावी लागते. कधी कधी दोन बाजूंचे दात एकमेकांना डिंक लावल्यासारखे चिकटतात आणि चेन मध्येच अडते. असा चिकटा आणणारी रसायनं बाहेरून येतात तशी शरीरातही रोज तयार होतात, फॉर्माल्डिहाइड हे त्यातलंच एक. निरोगी माणसाच्या पेशीत हा चिकटा शोधून, कापून, तुटलेलं सांधून देणारी प्रथिनांची एक टोळी असते. या टोळीतल्या कुणाही एकाची बनावट बिघडली की सगळ्यांचं काम ठप्प होतं. आतापर्यंत अशी २० हून जास्त जनुकं सापडली आहेत, पण दर तीन रुग्णांतल्या जवळपास दोघांमध्ये दोष एकाच जनुकात असतो, त्याचं नाव फॅन्क-ए.

मूळपेशींना जन्मभर प्रती काढायच्या असतात. चेन वारंवार अडते, पेशी मरते किंवा चुकीची सांधली जाते. मेली तर मज्जा ओस पडते. चुकीची सांधली गेली तर रक्ताच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. बहुतेक मुलांत रक्तपेशींचे आकडे, म्हणजे काउंट, पहिल्या दहा वर्षांत उतरायला लागतात.

१९२७ साली झुरिचचे बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांनी एकाच घरातल्या तीन भावांची हकीकत लिहिली. तिघांनाही रक्त कमी, तिघांच्याही शरीराच्या घडणीत काही ना काही वेगळं. त्यांच्यावरून हे नाव पडलं. अंगठा किंवा त्यामागचं हाड नीट न बनणं, उंची कमी राहणं, डोळे लहान असणं, एकच मूत्रपिंड असणं किंवा दोन्ही जोडलेली असणं, अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे चट्टे, ही यातली नेहमी दिसणारी लक्षणं. पण फॅन्कोनीच्या चौथाईहून जास्त मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही. अंगठे ठणठणीत आहेत म्हणून हा आजार नाही, असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नव्हे.

इथे बहुतेक वेळा आजीचा प्रश्न येतो. "ग्रहणात हिने भाजी चिरली होती, त्याने झालं का?" प्रश्न आजी विचारते आणि मान आईची खाली जाते. त्या मुलाच्या आईने सात वर्षं हे मनात धरून ठेवलं होतं. मी दर वेळी कागदावर चित्र काढून दाखवते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. या मुलाच्या आईकडे एक चांगली, एक बिघडलेली, वडिलांकडेही तसंच. एक चांगली प्रत असली की टोळीचं काम भागतं, म्हणून दोघंही धडधाकट. बाळाकडे दोघांचीही बिघडलेलीच प्रत गेली. दर गरोदरपणात असं होण्याची शक्यता चारात एक. ग्रहण, विळी, डोहाळ्यांतलं खाणं यांचा इथे काडीचा संबंध नाही. वाहक, म्हणजे अशी एक बिघडलेली प्रत बाळगणारा, कुणीही असू शकतो, फक्त मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यातल्या लग्नांत दोघांकडे एकच बिघडलेली प्रत पूर्वजांकडून आलेली असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे, म्हणून हे मोकळेपणाने विचारावं लागतं. विचारताना दोष लावू नये, एवढंच. (एक-दोन दुर्मीळ प्रकारांत वारसा वेगळ्या पद्धतीने येतो. म्हणून कोणतं जनुक ते कळल्यावर समुपदेशन पुन्हा घ्यावं. काही जनुकांत तर वाहक आईला, मावशीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका असतो, तेही तेव्हाच कळतं.)

निदानाची चाचणी फार बोलकी आहे. मुलाच्या रक्तातल्या पेशी वाढवून त्यात मायटोमायसिन-सी सारखं, चेनचे दात चिकटवणारं औषध घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघतात. निरोगी पेशी त्यातून बऱ्यापैकी सावरतात. फॅन्कोनीच्या पेशीत गुणसूत्रांचे तुकडे पडलेले दिसतात, तुटकी टोकं भलत्याच गुणसूत्राला जोडली जाऊन फुल्यांसारखे आकार झालेले दिसतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या आजाराच्या निदानाचं काम बरीच वर्षं चाललं आहे. एक खाचखळगा सांगते. काही मुलांत एखाद्या रक्तपेशीतला दोष आपोआप दुरुस्त होतो आणि तिची पिल्लावळ वाढत जाते. अशा वेळी रक्तावरची चाचणी खोटी "निगेटिव्ह" येऊ शकते. संशय दाट असेल तर कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशींवर हीच चाचणी करतात.

आता मूळ प्रश्नाकडे. नाव आधी कळायला हवं, ते का?

मज्जा ओस पडण्याला साधारण नाव अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. बहुतेकांना तो मोठेपणी किंवा मधेच कधीतरी, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने होतो, त्याचा वारशाशी संबंध नसतो. तिथे प्रत्यारोपणाआधी सायक्लोफॉस्फामाइड नावाचं औषध भरपूर देतात, वजनाच्या दर किलोला एकूण २०० मिलीग्रॅम. हे औषध काम कसं करतं? चेनचे दात चिकटवून. ज्या मुलाला नेमका तोच चिकटा सोडवता येत नाही, त्याला ते याच मापाने दिलं तर तोंडापासून आतड्यांपर्यंतचं अस्तर सोलून निघतं, मूत्राशयातून रक्त जातं, हृदयावर परिणाम होतो. सुरुवातीच्या काळात फॅन्कोनीची मुलं प्रत्यारोपणात दगावत होती ती बरीचशी यामुळे. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या एलियान ग्लुकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखलं आणि मात्रा एकदम खाली आणली. आज फॅन्कोनीत सायक्लोफॉस्फामाइड साधारण २० ते ४० मिलीग्रॅमच्या घरात देतात, म्हणजे नेहमीच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याइतकं. जोडीला फ्लुडॅराबिन देतात, कारण ते प्रतिकारशक्ती दाबतं पण दात चिकटवत नाही. किरणोत्सर्ग शक्यतो टाळतात.

कोकणात पावसाआधी दाढ भाजतात. कवळं, शेणी, पालापाचोळा पसरून आग लावतात, तण आणि तणाचं बी जळून जातं आणि मग त्या वाफ्यात भात पेरतात. प्रत्यारोपणाआधीची कीमो ही अशीच भाजणी. जुनी मज्जा बाजूला करायची, आणि मुख्य म्हणजे नव्या पेशींना परकं समजून मारणारी प्रतिकारशक्ती दाबायची. फॅन्कोनीच्या मुलाची मातीच हळवी आहे. इतरांना सोसते त्या आगीत तिचा कस जळतो. म्हणून ज्या मुलाची मज्जा ओस पडली आहे त्याची गुणसूत्रं तुटण्याची चाचणी झाल्याशिवाय भाजणी सुरू करू नये. आपल्या मुलाला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया सांगितला असेल तर ही चाचणी झाली का, एवढा एक प्रश्न प्रत्येक आईबापाने विचारावा. विचारायला संकोच वाटून घेऊ नये.

प्रत्यारोपण कधी करायचं, हा अवघड निर्णय आहे. फार लवकर केलं तर ज्या मुलाचे काउंट आणखी पाच वर्षं टिकले असते त्याला उगाच धोक्यात घालतो. फार उशीर केला तर तोवर रक्त चढवून चढवून लोह साठतं, शरीर परक्या रक्ताशी वैर धरतं, एखादा बुरशीचा संसर्ग घर करतो, किंवा मज्जेत कर्करोगाची सुरुवात झालेली असते. म्हणून काउंट बरे असले तरी साधारण वर्षातून एकदा मज्जा तपासतात. सातव्या क्रमांकाच्या गुणसूत्रांपैकी एक गळालेलं दिसलं तर डॉक्टर थांबत नाहीत. हिमोग्लोबिन ८ च्या खाली, प्लेटलेट तीस-पन्नास हजारांच्या खाली टिकून राहिल्या, वारंवार रक्त लागायला लागलं, तर वेळ आली असं धरतात. डॅनॅझॉलसारख्या पुरुषी संप्रेरकाच्या गोळ्यांनी सुमारे निम्म्या मुलांचे काउंट काही काळ वर येतात, पण यकृतावर लक्ष ठेवावं लागतं आणि मुलीच्या आवाजात, अंगावरच्या केसांत फरक पडतो. वेळ मारून न्यायला त्या उपयोगी आहेत, बरं करायला नाहीत.

या मधल्या काळातली एक चूक फार प्रेमापोटी होते. रक्त लागलं की काका, मामा, मोठा भाऊ बाही वर करून उभे राहतात. त्यांचं रक्त मुलाला चढवू नका. पुढे यांच्यातलाच कुणी मज्जा देणार असेल तर मुलाचं शरीर त्याच्या पेशींना आधीच ओळखून नाकारायला बसलेलं असेल. रक्तपेढीत त्यांनी जरूर द्यावं, ते दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. मुलासाठी मात्र पांढऱ्या पेशी गाळलेलं, किरण दिलेलं परकं रक्तच हवं.

डोनर कसा मिळतो? रक्तगट जुळायची गरज नाही, हे ऐकून लोक चकित होतात. जुळावा लागतो तो एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखपट्टी. ती आईकडून अर्धी, वडिलांकडून अर्धी येते, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पण या आजारात आणखी एक चाळणी आहे: ते भावंड स्वतः फॅन्कोनीचं नसावं. हसतंखेळतं, अंगठे सरळ असलेलं भावंडही आतून आजारी असू शकतं. त्याची मज्जा घेतली तर मुलाला पुन्हा तेच संपणारं बियाणं मिळणार. म्हणून डोनर भावंडाची गुणसूत्रांची चाचणी आधी करतात. नुसता वाहक असेल तर चालतो. हिशेब मांडला तर एका भावंडाचा एचएलए जुळणं आणि त्याला आजार नसणं, या दोन्ही गोष्टी एकदम होण्याची शक्यता १६ पैकी ३. आपल्या एक-दोन मुलांच्या घरांत हे गणित किती कठीण आहे ते सांगायला नको.

भावंड जुळलं नाही तर रजिस्ट्री. जगभरच्या नोंदण्या एकत्र धरल्या तर ४ कोटींहून जास्त लोकांनी आपली नावं दिली आहेत, पण ओळखपट्टी ही वंशपरंपरेने, आपापल्या समाजात फिरत आलेली असते. सांगलीतल्या मुलाचा जोडीदार जर्मनीतल्या गोऱ्या डोनरपेक्षा आपल्याच माणसांत सापडण्याची आशा जास्त, आणि भारतीयांची नोंदणी लोकसंख्येच्या मानाने फारच तोकडी आहे. दात्री, डीकेएमएस इंडिया अशा संस्था आपल्याकडे हे काम करतात. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना देतात, तेवढ्याने नाव लागतं. न्यू जर्सीत, लंडनमध्ये, दुबईत राहणाऱ्या मराठी तरुणांना हे मुद्दाम सांगते, कारण त्यांनी तिथल्या रजिस्ट्रीत दिलेला नमुना इथल्या एखाद्या मुलाशी जुळू शकतो. एकच विनंती. नाव द्यायचं तर फोन आल्यावर मागे न फिरण्याच्या तयारीनेच द्या. डोनरने ऐन वेळी नकार दिला की त्या घरावर जे येतं ते मी जवळून पाहिलं आहे.

तेही नसेल तर आई किंवा वडील, अर्धं जुळणारे. पूर्वी हे जवळजवळ अशक्य होतं. आता डोनरच्या पेशींतल्या भांडखोर टी-पेशी यंत्राने गाळून काढतात, किंवा पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन त्या मारतात, फॅन्कोनीत अर्थात कमी मापाने. आपल्यासारख्या देशात, जिथे रजिस्ट्रीत जुळणी मिळणं दुरापास्त, तिथे या पद्धतीने खूप घरांचे दरवाजे उघडले.

नाळेच्या रक्ताची गोष्टही फॅन्कोनीपासूनच सुरू झाली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका पाच वर्षांच्या मुलाला हा आजार होता. आई पुन्हा गरोदर होती, आणि पोटातली बहीण निरोगी आहे, शिवाय मॅच आहे, हे जन्माआधीच तपासून कळलं होतं. तिच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त गोळा केलं, इंडियानापोलिसच्या हाल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत गोठवलं, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसला ग्लुकमन यांच्याकडे ते मुलाला चढवलं. जगातलं ते पहिलं नाळरक्त प्रत्यारोपण. मुलगा जगला, मोठा झाला. ही गोष्ट ऐकून काही आईबाप विचारतात, "आम्ही याच्या जन्माच्या वेळी पैसे भरून याची नाळ जपून ठेवली आहे, ती चालेल ना?" नाही चालणार. त्याच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष आहे. हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

डोनर ठरला की पुढची भीती डोनरची. "हाड कापणार का? हिचं पुढे लग्न व्हायचंय." पूर्ण भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून जाड सुईने मज्जा ओढून घेतात, टाके पडत नाहीत, दोन-चार दिवस कंबर दुखते, आणि काही आठवड्यांत मज्जा भरून येते. मोठ्या डोनरकडून हातातल्या शिरेतून, यंत्रावर बसवूनही पेशी काढता येतात. पण फॅन्कोनीत शक्य तिथे मज्जाच पसंत करतात, कारण तिच्यासोबत भांडखोर पेशी कमी येतात.

त्या अंगठ्याच्या मुलाची बहीण चार वर्षांची होती. जुळली, आणि निरोगी निघाली. तिला मी बाहुली घेऊन समजावत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादाला माझं रक्त दिलं की तो माझ्यासारखा चित्र काढेल?" मी म्हटलं, चित्र नाही, पण त्याचा रक्तगट तुझा होईल. आणि खरंच तसं होतं. भाऊ बी पॉझिटिव्ह, बहीण ओ पॉझिटिव्ह असेल तर काही महिन्यांत भावाचा गट ओ पॉझिटिव्ह येतो. बहिणीच्या पेशी रुजल्यावर भावाच्या रक्तात बायकी गुणसूत्रं दिसतात, आणि पेशी किती रुजल्या हे मोजायची एक पद्धत तीच.

प्रत्यारोपणाच्या दिवशी घरचे ऑपरेशन थिएटर शोधत असतात. ऑपरेशन नसतंच. एका खोलीत, जिथली हवा गाळून आत सोडतात, मुलाच्या छातीतल्या नळीला रक्ताच्या पिशवीसारखी एक पिशवी लावतात आणि ती काही तासांत थेंबथेंब आत जाते. त्या पेशी रक्तातून फिरत आपलं आपण हाड शोधतात आणि तिथे वस्ती करतात. हाडाचा पत्ता त्यांना कुणी सांगत नाही. मी इतक्या वेळा पाहिलं तरी मला याचं नवल वाटायचं थांबत नाही. फुलं, अंगारा, प्रसाद आत नेता येत नाही. त्या आईने गजाननाचा फोटो लॅमिनेट करून आणला होता आणि सिस्टर तो रोज सकाळी स्पिरिटने पुसून द्यायच्या.

मग वाट पाहणं. काउंट शून्याला टेकलेले, ताप, आणि तोंडाचं अस्तर सोललेलं. मुलाला स्वतःची थुंकी गिळता येत नाही, तो ती रुमालात टिपत बसतो. वेदनेसाठी मॉर्फिन चालू असतं, आणि त्याची सवय लागेल म्हणून घाबरू नये. रोज सकाळी सहाला रक्त जातं आणि दहाच्या सुमारास आकडा येतो. ०.१, ०.१, ०.१, ०.२. हे आकडे हजारांत असतात, ०.१ म्हणजे १००. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असं म्हणतात. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्या आईने खिशातल्या डायरीत तारीखवार आकडे लिहिले होते, अठराव्या दिवसापुढे तिने नुसतं "६४०" लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

रुजल्या म्हणजे सुटलो असं नाही. नव्या पेशींना आता हे शरीर परकं वाटू शकतं. त्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात: अंगावर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, कावीळ. याला जीव्हीएचडी म्हणतात. फॅन्कोनीत तो टाळणं दुप्पट महत्त्वाचं, कारण जीव्हीएचडी झालेल्या मुलांत पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. म्हणून सायक्लोस्पोरिनसारखी औषधं अनेक महिने चालतात, रक्तातली त्यांची पातळी मोजत राहावी लागते, आणि गोळी चुकवून चालत नाही. पहिले १०० दिवस रुग्णालयाच्या जवळ खोली घेऊन राहा, असं आम्ही सांगतो. गावाकडून येणाऱ्यांना याचा खर्च औषधांइतकाच जड जातो. लहानपणच्या लसी पुसल्या गेलेल्या असतात, त्या पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात.

पूर्ण जुळणारं निरोगी भावंड, मूल लहान, आणि मज्जेत कर्करोग शिरायच्या आधी प्रत्यारोपण, असं जमून आलं तर अनुभवी केंद्रांत आज १० पैकी ८–९ मुलं वाचतात. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण "जनुकाचा आजार आहे, काही होत नाही" असं ऐकून घरी बसलेली माणसं मला भेटली आहेत.

पैशांचं थोडक्यात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात, एकदाच्या उपचाराने बरे होणाऱ्या आजारांच्या पहिल्या गटात फॅन्कोनी अ‍ॅनिमियाचं नाव आहे. २०२२ पासून या धोरणाखाली ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचं केईएम हे त्यांतलं एक केंद्र आहे. अर्जासोबत निदानाचा पक्का कागद लागतो. इथेही नावच आधी लागतं.

आता जे सांगायला सगळ्यांत जड जातं ते. हापूसचं कलम रायवळ आंब्याच्या रोपावर बांधतात. वर फळ हापूसचं येतं, पण खालचं मूळ जन्मभर रायवळच राहतं. प्रत्यारोपणानंतर मुलाचं रक्त बहिणीचं होतं. जीभ, घसा, अन्ननलिका, कातडी, मुलींत जननेंद्रियांचा भाग, हे सगळं मात्र मूळचंच राहतं, तोच चिकटा सोडवता न येणारं. इतरांना पन्नाशी-साठीत होणारे तोंडाचे, घशाचे कर्करोग या मुलांना विशी-तिशीत होऊ शकतात. आणि झाले तर नेहमीची कीमो, नेहमीचे किरण त्यांना झेपत नाहीत, हाताशी मुख्यतः शस्त्रक्रियाच उरते. म्हणून गाठ तीळभर असतानाच सापडायला हवी. दहा वर्षांच्या पुढे दर सहा महिन्यांनी तोंड आणि घसा तपासून घ्यायचा, तोंडात बरा न होणारा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर थांबायचं नाही. एचपीव्हीची लस मुलगा असो वा मुलगी, द्यायची. तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगारेट, दारू यांना आयुष्यात जागा नाही. घरातल्या मोठ्यांनीही मुलासमोर मिश्री लावणं सोडावं, मुलं तीच डबी उघडतात. सीटी स्कॅन अगदी गरज असेल तरच. थायरॉइड, साखर, उंची यांच्याकडेही बघत राहायचं.

मुलाच्या स्वतःच्याच मूळपेशी काढून त्यात चांगलं जनुक घालून परत द्यायचे प्रयोग स्पेनमध्ये माद्रिदला झाले आहेत, काही मुलांत फॅन्क-ए दुरुस्त झालेल्या पेशी टिकल्या आणि वाढल्या, तेही आधी कीमो न देता. पण तेही फक्त रक्त दुरुस्त करतं.

त्या मुलाला घरी सोडताना मी त्याच्या आईला एक छोटं कार्ड करून दिलं, पाकिटात मावेल एवढं. त्यावर आजाराचं नाव, प्रत्यारोपणाची तारीख, पूर्वीचा रक्तगट, आताचा रक्तगट, आणि खाली ठळक: कीमो किंवा किरण देण्याआधी या नंबरवर फोन करा. तिने ते कार्ड दोन्ही पिशव्यांतले कागद एकत्र लावलेल्या फाइलच्या पहिल्या पानावर डकवलं, आणि दुसरं एक मागितलं, शाळेच्या दप्तरासाठी.